स्वादुपिंडाच्या कर्करोगाची पूर्वावस्था रक्तातल्या प्रथिनांवरून पकडता येते का?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणाऱ्या ताई ४१ वर्षांच्या आहेत आणि जैवतंत्रज्ञान शिकलेल्या आहेत. वडील आणि आत्या, दोघंही स्वादुपिंडाच्या कर्करोगानं गेले. तपासण्यांच्या एका पॅकेजमध्ये सीए १९-९, म्हणजे स्वादुपिंडाच्या कर्करोगाची खूण म्हणून रक्तात मोजली जाणारी चाचणी, झाली आणि ती ४६ आली. अहवालावरची मर्यादा ३७. त्या विचारतात, ०.९५ एयूसी (आजारी आणि निरोगी वेगळे ओळखण्याची क्षमता; १ म्हणजे अचूक, ०.५ म्हणजे नाणेफेक) असलेले प्रथिनांचे संच शोधनिबंधांत सतत दिसतात, मग कर्करोग होण्याआधीची अवस्था ओळखणारी चाचणी अजून हातात का नाही? आणि या ४६ चं काय करायचं?

४६ कडे शेवटी येतो. पहिल्या प्रश्नाचं सरळ उत्तर असं, की ज्याच्या भरवशावर एखाद्या माणसाबद्दल निर्णय घेता येईल, असं पूर्वावस्था ओळखणारं एकही रक्तातलं प्रथिन आज नाही. संशोधन कमी पडलं म्हणून नाही. शोधायचं काय आणि कुठे, हेच बऱ्याचदा चुकतं. मी ट्यूमर मार्करच्या चाचण्या प्रयोगशाळेत बसवण्याचं आणि त्या खऱ्या रुग्णांत टिकतात का ते बघण्याचं काम अनेक वर्षं करतोय, त्यामुळे माझा कल थोडा संशयी आहे, हे धरून वाचा.

आधी पूर्वावस्था म्हणजे काय ते बघू. बदल सुरू होतात ते स्वादुपिंडातल्या नलिकांच्या अस्तरात. बहुतेक बदल सूक्ष्म असतात, ५ मिलिमीटरपेक्षा लहान, स्लाइडवरच दिसणारे. त्यांना पॅनइन म्हणतात. दुसऱ्या प्रकारात श्लेष्मा साठून सिस्ट फुगतात आणि ते एमआरआयवर दिसतात. त्यात आयपीएमएन हे मुख्य, आणि प्रामुख्याने स्त्रियांत आढळणारे एमसीएन. २०१५ पासून या सगळ्यांची प्रतवारी दोनच पायऱ्यांत करतात, लो-ग्रेड आणि हाय-ग्रेड. हाय-ग्रेडमधल्या पेशी दिसायला कर्करोगाच्याच असतात, फक्त त्यांनी खालचं तळपटल, म्हणजे अस्तराखालचा पातळ पडदा, अजून ओलांडलेलं नसतं.

लो-ग्रेड पॅनइन उतारवयात सर्रास असतात. २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये एक त्रिमितीय अभ्यास आला. त्यात एरवी सामान्य दिसणाऱ्या स्वादुपिंडाच्या तुकड्यांचे पातळ काप करून संगणकावर पुन्हा जोडले, तेव्हा दर घन सेंटिमीटरमागे सरासरी १३ पॅनइन निघाले. यातल्या बहुतेकांत केरास जनुकाचं उत्परिवर्तन असतं, तेच जे कर्करोगात ९० टक्क्यांहून जास्त रुग्णांत सापडतं. आणि या असंख्य ठिपक्यांपैकी कर्करोगापर्यंत पोचणारे नगण्य. म्हणजे उद्या कुणी पॅनइनचा अचूक मार्कर काढलाच, तर तो ज्येष्ठांच्या रांगेत जवळजवळ सगळ्यांनाच पॉझिटिव्ह येईल. त्या अहवालाचं कुणी काय करावं? स्वादुपिंड काढून टाकण्याची शस्त्रक्रिया मोठी असते, आणि सगळं स्वादुपिंड काढलं तर इन्सुलिन आयुष्यभर बाहेरून घ्यावं लागतं. म्हणून शोधायचं आहे ते हाय-ग्रेड, किंवा नुकताच तळपटल ओलांडलेला, जेमतेम सेंटिमीटरभराचा कर्करोग. नुसती ‘पूर्वावस्था’ शोधून भागत नाही.

वेळ किती मिळतो, यावर दोन मतं आहेत. जॉन्स हॉपकिन्सच्या गटानं २०१० मध्ये जनुकीय बदल मोजून हिशेब मांडला: पहिल्या उत्परिवर्तनापासून कर्करोगाची मूळ पेशी तयार व्हायला सरासरी ११.७ वर्षं, तिथून शरीरात पसरण्याची क्षमता यायला आणखी ६.८ वर्षं. आकडे मोजक्याच रुग्णांवरचे, पण दिलासा देणारे. २०१६ मध्ये टोरोंटोच्या गटानं दाखवलं की काही रुग्णांत गुणसूत्रं एकाच झटक्यात फुटून भलतीच जुळतात आणि अनेक रक्षक जनुकं एकदम जातात. अशा रुग्णात सावकाश चढणाऱ्या पायऱ्या नसतात. माझ्या मते दोन्ही खरं आहे, आणि वर्षातून एकदा केलेल्या कुठल्याही चाचणीतून काही रुग्ण निसटणार, हे गृहीतच धरावं.

आता रक्ताचा प्रश्न. हाय-ग्रेड पॅनइनच्या पेशी जे काही स्रवतात ते नलिकेच्या पोकळीत पडतं आणि रोज लिटरभराहून जास्त तयार होणाऱ्या स्वादुरसाबरोबर आतड्यात वाहून जातं. रक्तवाहिन्या तळपटलाच्या पलीकडे. रक्तात जे उतरतं ते गाळून, अंशानं. आणि उतरतं कुठे, तर अशा द्रवात जिथे एकट्या अल्ब्युमिनचं प्रमाण मिलिलिटरमागे ४० मिलिग्रॅमच्या आसपास असतं. ज्या मार्करबद्दल आपण बोलतो ते नॅनोग्रॅममध्ये, म्हणजे दहा लाख पटींनी कमी, आणि त्यातलाही मोठा वाटा शरीरातल्या इतर निरोगी ऊतींचा. कापूस बाजारात आलेल्या गाड्यांमधून एका विशिष्ट शेतातलं एक बोंड ओळखण्यासारखं हे काम आहे.

मग निबंधांत इतके सुंदर आकडे कुठून येतात? इथे थोडं थांबून एक उदाहरण नीट पाहू, कारण त्यात सगळा धडा आहे.

थ्रॉम्बोस्पॉन्डिन-२ हे प्रथिन शोधण्यामागची कल्पना अतिशय हुशार होती. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या केन झारेट यांच्या प्रयोगशाळेनं स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या पेशी घेऊन त्यांना मूळपेशींच्या अवस्थेत परत नेलं. त्या उंदरांत सोडल्यावर आधी पॅनइनसारख्या रचना तयार झाल्या, मग त्यातून पुढे कर्करोग. म्हणजे माणसाच्या पेशींची सुरुवातीची अवस्था पहिल्यांदाच जिवंत हाताशी आली. त्या रचना कोणती प्रथिनं बाहेर टाकतात ते मोजून यादी केली, आणि यादीतून थ्रॉम्बोस्पॉन्डिन-२ पुढे आलं. २०१७ मध्ये ते सीए १९-९ बरोबर जोडून रुग्णांच्या रक्तात तपासलं, तेव्हा ९८ टक्के विशिष्टतेवर (कर्करोग नसलेल्यांपैकी ९८ टक्के बरोबर निगेटिव्ह) ८७ टक्के संवेदनशीलता (रुग्णांपैकी ८७ टक्के पॉझिटिव्ह) मिळाली. पहिल्या अवस्थेच्या रुग्णांतही निकाल चांगला होता.

पुढे २०२१ मध्ये हीच जोडी निदान होण्याच्या आधी गोळा करून गोठवलेल्या रक्तात तपासली गेली. तिथे ती खूप कमी पडली. निबंधाच्या शीर्षकातच ते स्पष्ट लिहिलंय, आणि त्या प्रामाणिकपणाबद्दल मला त्या गटाचं कौतुक वाटतं; नकारात्मक निकाल छापायला फार कुणी उत्सुक नसतं.

फरक का पडला? निदानाच्या दिवशी रक्त देणाऱ्या रुग्णाची अवस्था आठवा. अनेकांची पित्तनलिका दाबली गेलेली असते, कावीळ असते, वजन उतरलेलं, साखर वाढलेली, स्वादुपिंड सुजलेलं. कर्करोगाभोवती दाट तंतुमय ऊती वाढलेली असते. टिम्प-१, थ्रॉम्बोस्पॉन्डिन-२ यांसारखी प्रथिनं या तंतुमय ऊतीची खूण जास्त आणि कर्करोगपेशींची कमी. एलआरजी१ हे प्रथिन तर शरीरात कुठेही दाह झाला की यकृत बनवतं. दुसऱ्या बाजूला तुलनेसाठी घेतलेले लोक धडधाकट. या दोन गटांत ०.९५ एयूसी काढणं अवघड नाही; साधं बिलिरुबिनसुद्धा त्यांच्यात बऱ्यापैकी भेद करेल. पहिली अवस्था म्हटलेल्या रुग्णांनाही बहुधा काहीतरी त्रास झाला म्हणूनच ते दवाखान्यात आलेले असतात.

म्हणून निबंध हातात आला की मी एयूसी नंतर बघतो. आधी बघतो, रक्त कधी घेतलं: निदानानंतर की आधी, आणि आधी म्हणजे किती महिने? तुलनेच्या गटात कावीळ, पित्ताचे खडे, जुनाट स्वादुपिंडदाह, नव्यानं झालेला मधुमेह असलेले लोक आहेत का? सगळ्यांचं रक्त एकाच पद्धतीनं, निदान कुणालाच ठाऊक नसताना गोळा झालं का? मार्गारेट पेपे आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये नेमकी हीच शिस्त ‘प्रोब’ या नावानं मांडली. ती पाळणारे निबंध आजही थोडे आहेत.

रक्त हाताळण्याची गोष्ट तर निबंधांत अर्ध्या ओळीत उरकतात. थ्रॉम्बोस्पॉन्डिन-१ रक्तबिंबिकांमध्ये (प्लेटलेट्समध्ये) ठासून भरलेलं असतं आणि रक्त गोठताना बाहेर पडतं. टिम्प-१ चंही काहीसं तसंच. त्यामुळे सीरममध्ये, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणाऱ्या द्रवात, मोजलेला आकडा रुग्णापेक्षा नळीबद्दल जास्त सांगतो. एका केंद्रातून रुग्णांचं रक्त तासाभरात सेंट्रिफ्यूज होऊन आलं आणि दुसऱ्या केंद्रातून निरोगी लोकांचं चार तासांनी, तर तुमचा ‘मार्कर’ घड्याळ मोजत असतो.

पूर्वावस्थेच्या बाजूनं एक चांगला पुरावा उंदरांतून आला होता. २००८ मध्ये एका गटानं जनुकीय बदल केलेल्या उंदरांचं रक्त पॅनइनच्या टप्प्यावरच तपासलं, वाढलेली प्रथिनं शोधली आणि त्यातली पाच, म्हणजे एलसीएन२, टिम्प-१, आरईजी१ए, आरईजी३ आणि आयजीएफबीपी४, माणसांच्या निदानपूर्व रक्तात तपासली, फरक दिसला. पण या उंदरांत केरासचं उत्परिवर्तन सगळ्या स्वादुपिंडात एकाच वेळी चालू केलेलं असतं. ग्रंथी पॅनइननं गच्च भरते. माणसात एखादा हाय-ग्रेड ठिपका असतो. उंदरात जे रक्तापर्यंत पोचतं ते माणसात पोचेलच असं नाही, आणि पाचही प्रथिनं पुढे साध्या स्वादुपिंडदाहाशी किंवा मूत्रपिंडाच्या त्रासाशी गोंधळ करतात.

गंमत म्हणजे १९७९ मध्ये मोठ्या आतड्याच्या कर्करोगपेशींवर बनवलेल्या प्रतिपिंडातून (अँटिबॉडीतून) सापडलेलं सीए १९-९ अजूनही मैदानात आहे. ते मुळात प्रथिन नाही, प्रथिनांवर चिकटलेली शर्करेची साखळी आहे. निदानपूर्व रक्तात ते निदानाच्या साधारण दोन वर्षं आधीपासून चढू लागतं, असं २०२१ मध्ये एका मोठ्या अभ्यासात दिसलं. नवा संच किती चांगला, हा प्रश्न खरं तर ‘सीए १९-९ च्या वर किती भर घालतो’ असा विचारायला हवा. बहुतेक संच तिथे थोडीशीच भर घालतात. ५ ते १० टक्के लोकांत मात्र लुईस जनुक निकामी असल्यामुळे ही साखळी तयारच होत नाही. त्यांच्यात कर्करोग कितीही वाढला तरी सीए १९-९ वाढत नाही; त्यांच्यासाठी ड्युपॅन-२ हा दुसरा मार्कर काही ठिकाणी वापरतात.

वेगळ्या दिशेनं गेलेले प्रयत्न मला जास्त आशादायक वाटतात. जपानमध्ये अपोलिपोप्रोटीन ए२ चे प्रकार मोजणाऱ्या चाचणीला २०२३ मध्ये मान्यता मिळाली. हे प्रथिन कर्करोगाच्या गाठीत बनत नाही. त्याचं टोक कापणाऱ्या विकरांचं (एन्झाइमांचं) काम स्वादुपिंडाच्या आजारात बदलतं, आणि त्यामुळे रक्तातल्या प्रकारांचं प्रमाण बदलतं. म्हणजे इथे ग्रंथीच्या कामातला बिघाड मोजला जातो. गाठीचं स्रवण नाही. २०२५ मध्ये ओरेगनमधल्या गटानं नॅनोसेन्सर वापरून प्रथिनं तोडणाऱ्या विकरांची सक्रियता मोजली. एक विकर हजारो रेणू तोडतं, त्यामुळे क्षीण खूण आपोआप मोठी होते. लंडनच्या गटानं लघवीत एलवायव्हीई१, आरईजी१बी आणि टीएफएफ१ ही तीन प्रथिनं घेतली. लघवी रक्तापेक्षा स्वच्छ द्रव, अल्ब्युमिनचा गोंगाट नाही. तिन्ही कल्पना कर्करोगाच्या सुरुवातीच्या अवस्थेसाठी आहेत. हाय-ग्रेड पॅनइनसाठी यातली कुठलीही सिद्ध झालेली नाही.

पूर्वावस्थेसाठी प्रथिनं खरोखर उपयोगी पडतात ती रक्ताबाहेर, गाठीच्या शेजारी. सिस्ट असेल तर एंडोस्कोपिक सोनोग्राफीनं, म्हणजे तोंडातून नळी घालून आतून केलेल्या सोनोग्राफीनं, सुई घालून आतलं पाणी काढता येतं. त्या पाण्यात सीईए हे प्रथिन मिलिलिटरमागे १९२ नॅनोग्रॅमच्या वर असेल तर सिस्ट श्लेष्मल असण्याची शक्यता जास्त. ही मर्यादा २००४ च्या एका बहुकेंद्री अभ्यासातून आली आणि तिची अचूकता ७९ टक्के होती. अलीकडे त्याच कामाला साधी ग्लुकोज चाचणी सरस ठरली आहे. डेसिलिटरमागे ५० मिलिग्रॅमच्या खाली ग्लुकोज म्हणजे बहुधा श्लेष्मल. मात्र हे दोन्ही आकडे सिस्टची जात सांगतात, ग्रेड नाही. सीईए हजारात गेलं म्हणून सिस्ट धोकादायक, हा गैरसमज डॉक्टरांतही आहे.

ग्रेड सांगण्याच्या जवळ पोचलेलं एक उदाहरण म्हणजे डास-१ हे प्रतिपिंड. मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या प्रथिनाला ते चिकटतं, आणि हाय-ग्रेडकडे झुकलेल्या आयपीएमएनमध्ये ते प्रथिन उमटतं. २०१९ च्या बहुकेंद्री अभ्यासात सिस्टच्या पाण्यात त्यानं धोकादायक सिस्ट ८८ टक्के संवेदनशीलतेनं आणि ९९ टक्के विशिष्टतेनं ओळखले. रक्तात असे आकडे पूर्वावस्थेसाठी कुणालाच मिळालेले नाहीत. सिस्टच्या पाण्यात ते मिळाले याचं कारण साधं आहे: मध्ये तळपटल नाही, अल्ब्युमिनचा पूर नाही.

पॅनइनला सिस्ट नसते, म्हणून तिथे स्वादुरस गोळा करावा लागतो. स्वादुरस वाढवणाऱ्या सिक्रेटिन या संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन एंडोस्कोपनं लहान आतड्याच्या तोंडाशी तो ओढून घेतात. पण आतड्यात येताच रसातलं ट्रिप्सिन, म्हणजे प्रथिनं पचवणारं विकर, जागं होतं आणि आपल्याला हवी ती प्रथिनंच खायला लागतं. विकररोधक लगेच मिसळून नमुना बर्फावर ठेवला नाही तर प्रयोगशाळेत पोचतो तो प्रथिनांचा चुरा. हे काम निव्वळ शिस्तीचं आहे आणि पैसे नेमके त्याच गोष्टीला मिळत नाहीत.

आता गणित, कारण चाचणी हातात का नाही याचं अर्धं उत्तर तिथे आहे. समजा १ लाख प्रौढांत लवकरच निदान होईल असे ३० छुपे रुग्ण आहेत. चाचणी ९० टक्के संवेदनशील, ९९ टक्के विशिष्ट. यापेक्षा चांगली चाचणी मी तरी पाहिलेली नाही. खरे पॉझिटिव्ह २७, खोटे जवळपास १०००. त्या हजार माणसांना स्कॅन, एंडोस्कोपी, सुई, काहींना विनाकारण शस्त्रक्रिया. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यदलानं २०१९ मध्ये लक्षणं नसलेल्या सामान्य लोकांत तपासणी करू नका असं पुन्हा सांगितलं, ते उगाच नाही. आता तीच चाचणी पन्नाशीनंतर नव्यानं मधुमेह झालेल्यांत वापरा. त्यांच्यातल्या साधारण १ टक्का लोकांत तीन वर्षांत हा कर्करोग निघतो. तिथे लाखामागे ९०० खरे आणि ९९० खोटे, म्हणजे दोनातला जवळपास एक खरा. चाचणी तीच, माणसं बदलली. म्हणून ताई, तुमच्यासारख्या घराण्यातल्या लोकांत प्रथिनांचा उपयोग आधी होईल, पॅकेजमध्ये सगळ्यांना सरसकट नाही.

अशा घराण्यांत आज जो फायदा दिसतो तो एमआरआय आणि एंडोस्कोपिक सोनोग्राफीच्या नियमित पाहणीचा आहे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी पाहणीत, नियमित तपासणीत सापडलेल्या रुग्णांपैकी ७३ टक्के पाच वर्षं जगले. तिथल्या सगळ्या रुग्णांत हा आकडा १३ टक्क्यांच्या आसपास आहे. लवकर सापडल्यामुळे घड्याळ लवकर सुरू होतं, तेवढी सूट त्यातून वजा करा, तरी फरक उरतो. या पाहणीला न दिसणारी गोष्ट म्हणजे सिस्ट नसलेलं हाय-ग्रेड पॅनइन, आणि प्रथिनांसाठी खरी रिकामी जागा ती आहे.

आता तुमचे ४६. एकट्या या आकड्यावरून कर्करोग आहे किंवा नाही, काहीच म्हणता येत नाही. पित्ताचे खडे, यकृताची सूज, स्वादुपिंडदाह, बिघडलेली साखर, अंडाशयातल्या काही गाठी, एवढ्यानंही तो ४६ वर जातो. शिवाय काहींचा नैसर्गिक पायाच उंच असतो: ज्यांचं लुईस जनुक चालू आणि एफयूटी२ हे जनुक बंद, त्यांच्यात निरोगी असतानाही सीए १९-९ वरच्या अंगाला राहतं. कदाचित तुमचं ४६ वर्षानुवर्षं ४६ च असेल. म्हणून काही आठवड्यांनी पुन्हा करा, बरोबर यकृताच्या चाचण्या आणि एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर). पुन्हा वाढलेलं आलं, तर पोटाच्या डॉक्टरांशी बोलून एकदा एमआरआय करून घेणं तुमच्या इतिहासात योग्य ठरेल. कुणाचाही आकडा दर वेळी चढत गेला तर तो ३७ च्या आत असला तरी मी अस्वस्थ होईन. तुमचा ४६ वर स्थिर राहिला तर फारसा नाही.

त्यापेक्षा महत्त्वाचं काम जनुकीय सल्लागाराकडे जाण्याचं. एकाच बाजूचे दोन नातेवाईक, त्यातले एक वडील, म्हणजे तुम्ही पाहणीच्या निकषांत बसता. बीआरसीए२, एटीएम, पीएएलबी२, सीडीकेएन२ए, एसटीके११, पीआरएसएस१ आणि लिंच सिंड्रोम या आनुवंशिक कर्करोगाच्या प्रवृत्तीची जनुकं तपासून घ्या. वडिलांचा किंवा आत्याचा बायोप्सीचा ब्लॉक, म्हणजे मेणात ठेवलेला ऊतीचा तुकडा, कुठे जपलेला असेल तर सल्लागाराला सांगा. जनुकात काही सापडलं नाही तर पाहणी सहसा पन्नाशीला, किंवा कुटुंबातल्या सर्वांत लहान वयाच्या रुग्णाच्या निदानाच्या दहा वर्षं आधी सुरू होते. सीडीकेएन२ए किंवा एसटीके११ निघालं तर चाळिशीतच, म्हणजे आत्ताच. वडील किंवा आत्या ५१ च्या आत आजारी पडले असतील तरीही आत्ताच.

आणि पुढची सीए १९-९ त्याच प्रयोगशाळेत, त्याच कंपनीच्या किटवर करा. वेगवेगळ्या किटचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत; प्रयोगशाळा बदलली तर ४६ चे ६० दिसू शकतात आणि काही घडलेलंही नसतं. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर प्रयोगशाळेला आधी सांगा आणि चाचणीच्या दोन-तीन दिवस आधी त्या थांबवा, काही किटमध्ये त्यानं आकडा बिघडतो.